बाटलीवरची कागदी पट्टी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणी ना कोणी जुन्या वडोदऱ्याबद्दल लिहीत असतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांची ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, राजवाड्यातला गणपती हे विषय वाचकांना तोंडपाठ आहेत. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. मी सरकारी नोकरीत फार्मासिस्ट आहे, शिक्षण डी. फार्म., म्हणजे पदविका. वीस वर्षांहून अधिक काळ औषधांच्या खिडकीमागे उभा आहे. त्यामुळे खिडकीतून जेवढा इतिहास दिसतो तेवढाच इथे सांगणार आहे.

निमित्त एका मुलाचे. पदविकेचे विद्यार्थी आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येतात. गेल्या पावसाळ्यात आलेल्यांपैकी एक आपल्यातलाच, मराठी घरातला होता. दुपारची गर्दी ओसरल्यावर त्याने विचारले, "सर, औषध डॉक्टर लिहितात, बनवते कंपनी. आपण फक्त स्ट्रिप कापून द्यायची. मग दोन वर्षे शिकायचे तरी कशासाठी?"

तेवढ्यात खिडकीत कोणी आले आणि उत्तर राहून गेले. खरे सांगायचे तर उत्तर तयारही नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

आजोबांची बाटली

माझे आजोबा बडोदा संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तसे तेही मुंबई सरकारचे नोकर झाले आणि १९६० मध्ये गुजरातचे. गाव तेच, टेबल तेच, पगाराच्या कागदावरचे सरकार तेवढे बदलत गेले. त्यांच्या वस्तूंपैकी घरात आज दोनच उरल्या आहेत. एक चिनी मातीचा खल आणि एक चपटी काचेची बाटली.

आमच्या पिढीने ती बाटली पाहिली असेल. मिक्स्चरची. तिच्या पाठीवर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली असे. पट्टीला दोन्ही बाजूंनी कात्रीने दाते पाडलेले. एक दाता म्हणजे एक वेळचे औषध. कागदाची घडी घालून, दोन-तीन कापांत सहा किंवा आठ सारखे भाग पाडायचे हे कंपाउंडरचे हातचे कसब होते. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या घरात मापाचा चमचा नाही, त्यालाही सकाळी किती आणि रात्री किती हे बोट ठेवून दाखवता येई.

लहानपणी आम्हाला ती पट्टी म्हणजे गंमत वाटायची. फार्मसी शिकायला लागल्यावर कळले की आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला पहिला धडाच त्या पट्टीवर आहे. तो धडा म्हणजे मात्रा.

विष आणि औषध यांत वस्तूचा फरक नसतो, प्रमाणाचा असतो, हे युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितले. आपल्याकडे चरकसंहितेतही हा विचार आहे: नीट योजले तर तीव्र विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजले तर उत्तम औषधही विष होते. पण विचार माहीत असणे वेगळे आणि प्रमाण मोजता येणे वेगळे. झाडाच्या सालीत किंवा मुळीत गुणकारी भाग किती, हे साल पाहून कळत नाही. जमीन, हंगाम, साठवण, सगळ्यांनी तो कमी-जास्त होतो. मग मोजायचे काय?

ही अडचण सुटायला सुरुवात झाली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. जर्मनीत सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून तिचे गुंगी आणणारे सत्त्व वेगळे काढले. तेच मॉर्फीन. १८२० मध्ये फ्रान्समध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. हिवतापावर आता मूठभर साल उकळत बसण्याची गरज उरली नाही. पांढरी कडू भुकटी तराजूत घालून ग्रेनमध्ये तोलता येऊ लागली. पुढे नीलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड झाली आणि बंगालात तर क्विनीनच्या पुड्या टपाल कचेरीतून पैशाला एक अशा विकल्या जाऊ लागल्या.

ग्रेन हे माप गेले, पण त्याचा माग अजून आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. अ‍ॅस्पिरिनची जुनी गोळी पाच ग्रेनची, म्हणून ती आजही ३२५ मिलिग्रॅमची मिळते. तापाच्या गोळीवरचा ६५० हा आकडाही दहा ग्रेनशी जुळतो. आजोबांचा तराजू आपल्या घरातल्या गोळ्यांच्या डब्यात अजून शिल्लक आहे, तो असा.

"हलवून घ्या"

बाटलीवर पट्टीखेरीज आणखी एक चिठ्ठी असे: हलवून घ्या. ही शिष्टाचाराची सूचना नव्हे. पाण्यात न विरघळणारी भुकटी तळाशी बसते. न हलवता घेतले तर पहिले चार दिवस रोग्याला रंगीत पाणी मिळते आणि शेवटच्या दिवशी सगळे औषध एकदम.

याचे एक उदाहरण आमच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कुचल्याच्या बीतून निघणारे स्ट्रिक्नीन हे जहाल विष. जुन्या काळी ते अगदी अल्प प्रमाणात शक्तिवर्धक म्हणून देत. त्याच मिश्रणात दुसऱ्या कारणासाठी पोटॅशियम ब्रोमाइड घातले की दोघांचा संयोग होऊन बारीक स्फटिक तयार होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. दोन्ही औषधे आपापल्या जागी बरोबर, प्रमाण बरोबर, डॉक्टरची सहीही बरोबर. तरी शेवटचा डोस प्राण घेऊ शकतो. याला आम्ही विसंगती म्हणतो. असली चिठ्ठी हातात आली की औषध न बनवता डॉक्टरकडे परत जाऊन विचारणे हे कंपाउंडरचे काम. त्या मुलाला पहिले उत्तर इथेच मिळते. लिहिणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा, शांत डोक्याचा माणूस असावा लागतो.

कलाभवन ते कारखाना

आजोबांच्या कपाटातल्या बहुतेक बाटल्या एके काळी विलायतेहून येत. टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा मद्यार्कात काढलेला अर्क. गंमत अशी की पुष्कळदा वनस्पती आपल्याकडची, ती बोटीने तिकडे जाई आणि अर्क होऊन दामदुपटीने परत येई.

हे चक्र थांबवण्याच्या कामात आपल्या शहराचा वाटा आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. बडोदा कॉलेजात त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, मूळचे सुरतचे. त्यांच्या पुढाकाराने आणि सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. रंगकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम असे हाताला काम देणारे शिक्षण तिथे मिळे. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी, हे आपण अभिमानाने सांगतो. पण शास्त्र आपल्या माणसांना आपल्या भाषेत शिकवले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता, हे फारसे सांगितले जात नाही.

पुढे गज्जर मुंबईला गेले. तिथली एक गोष्ट मराठी वाचकांना रुचेल. १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला रात्रीतून कोणी डांबर फासले. ते आपण केले, असे दामोदर चापेकरांनी नंतर आपल्या जबानीत सांगितले. तो डाग सरकारला काही केल्या निघेना. काढला तो प्राध्यापक गज्जरांनी, रसायनांनी. फासणारा मराठी आणि पुसणारा गुजराती, असे म्हणून आपण हसू शकतो. पण या देशात हे काम जाणणारा माणूस आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

१९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी मिळून अलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी काढली. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे भांडे, ऊर्ध्वपातनाचे यंत्र. शब्द अरबीतून आलेला. सुरुवातीचे उत्पादनही त्या नावाला साजेसे, मद्यार्क आणि टिंक्चर. पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे कठीण झाले, तेव्हा अशा देशी कारखान्यांचे मोल लोकांना समजले. तिकडे कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल्स कंपनी उभी केलीच होती. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन इथेच होऊ लागले. या साखळीतली एक कडी आपल्या वडोदऱ्यात घडली आहे.

खडूची गोळी

माल देशी झाला म्हणून खरा झाला असे नव्हे. १९२० नंतरच्या दशकात बनावट आणि कमी वजनाच्या औषधांच्या, विशेषतः क्विनीनच्या, तक्रारी इतक्या वाढल्या की कायदेमंडळात प्रश्न उठला. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ चा. त्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, औषधाच्या शुद्धतेवर देशभर लागू होईल असा कायदाच नाही. दोन, औषध बनवणारा आणि देणारा असा शिकलेला वर्ग या देशात जवळजवळ नाही. कंपाउंडर ते काम रेटून नेत आहेत आणि त्यांच्यातले अनेक जण पाहून-पाहून शिकलेले आहेत.

हे वाचताना मला आजोबा आठवतात. त्यांचा अपमान वाटत नाही. खरे तेच लिहिले होते.

पुढची पावले हळूहळू पडली. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला, १९४५ मध्ये त्याचे नियम. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट ही जागा निर्माण केली. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध मिसळणे, तयार करणे आणि देणे हे नोंदणी असलेल्या माणसानेच करायचे, असे त्या कायद्याचे ४२ वे कलम सांगते.

आणि १९५५ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली फार्माकोपिया निघाली. फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या मानकांचा ग्रंथ. लंडनमध्ये असा ग्रंथ १६१८ मध्येच निघाला होता, आपल्याकडे इंग्रजांनी १८६८ मध्ये काढला. अमुक औषध म्हणजे नक्की काय, त्यात सत्त्व किती हवे, भेसळ कशी ओळखायची, गोळी पाण्यात किती वेळात फुटली पाहिजे, हे त्यात ठरवलेले असते. गोळीच्या नावापुढे आय.पी. ही अक्षरे दिसली की ती या ग्रंथाची साक्ष समजावी.

गोड चवीचे दोन धडे

आमच्या विषयात एक गोष्ट विद्यार्थी पटकन विसरतात. गोळीत किंवा सिरपमध्ये गुणकारी द्रव्य थोडेच असते. बाकी सारे साहाय्यक पदार्थ: विरघळवणारे, बांधणारे, रंग, गोडी. रोगी बरा होतो तो सत्त्वाने, पण कित्येकदा मेला आहे तो या बाकीच्या पदार्थांनी.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध लोकांना पातळ स्वरूपात हवे होते. ते पाण्यात नीट विरघळेना. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने डायएथिलीन ग्लायकॉल वापरला. द्रव छान गोड झाला. चव तपासली, रंग तपासला, वास तपासला. विषारी आहे का, हे तपासले नाही. शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन गेली, त्यांत पुष्कळ मुले होती. पुढच्याच वर्षी तिथे कडक कायदा आला.

तो धडा साऱ्या जगाने वाचला होता. तरी १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये तेच द्रव्य, डायएथिलीन ग्लायकॉल, मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदी, तपासणी, परवाने, प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी न पाहता सही केल्याचे उघड झाले. आणि २०२२ मध्ये गाम्बियात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या सिरपविषयी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, तेव्हाही त्यात पुन्हा हेच नाव होते.

द्रव्य तेच, देश वेगळे, साल वेगळे. शास्त्राला ते १९३७ पासून माहीत आहे. चुकते ते शास्त्र नव्हे, मधला माणूस.

भिंतीवरचे सर्टिफिकेट

आता माझी गोष्ट. पदविका मिळाल्यावर दीड वर्ष मला नोकरी नव्हती. त्या दिवसांत एका औषध दुकानदाराने निरोप पाठवला. माझे नोंदणीचे सर्टिफिकेट त्याच्या दुकानात भिंतीवर लागेल. मी महिन्यातून एकदा जाऊन रजिस्टरवर सह्या करायच्या, पैसे घ्यायचे आणि घरी यायचे. औषधे त्याचा बारावी नापास पुतण्या देईल. "सगळेच करतात," असेही त्याने सांगितले. त्यात फारसे खोटे नव्हते.

मी ताबडतोब नकार दिला असे लिहिले तर वाचायला बरे वाटेल, पण ते खरे नाही. मी चार दिवस विचार केला. घरात पैशाची गरज होती, बहिणीचे लग्न ठरत होते. शेवटी बाबांना विचारले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तुझे आजोबा तापाने फणफणले होते तरी त्यांनी आपल्या नावाने दुसऱ्याला बाटली भरू दिली नाही. तू बघ बाबा काय ते."

मी नाही कळवले. त्यात मोठेपणा काही नाही. चार दिवस लागले, हेच मला अजून खटकते.

पुढे सरकारी नोकरी मिळाली. माझ्याकडूनही एकदा चूक होता होता वाचली. दोन औषधांची नावे जवळजवळ सारखी, एक मधुमेहाचे आणि दुसरे वेगळेच. रांग मोठी होती. मी स्ट्रिप पुढे केली आणि खिडकीपलीकडच्या बेन म्हणाल्या, "भाई, रोज तो धोळी गोळी आवे छे, आजे पीळी केम?" पांढरीच्या जागी पिवळी कशी, असा साधा प्रश्न. मी पाहिले, स्ट्रिप मागे घेतली, माफी मागितली. त्या बाईंना वाचता येत नव्हते. त्या दिवशी तिसरा, शांत डोक्याचा माणूस त्या होत्या, मी नव्हतो.

घरी करण्यासारखे

वाचकांसाठी चार गोष्टी लिहितो. आपल्या घरांत आता वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत आणि गोळ्यांचे डबेही.

पातळ औषध घरच्या चमच्याने देऊ नका. एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, आणि स्वयंपाकघरातला कोणताही चमचा तेवढा असेलच असे नाही. बाटलीबरोबरचे माप वापरा.

गोळी कुटून द्यायची असेल तर आधी विचारा. गोळी यंत्रात दाबून बनवण्याचे पेटंट ब्रॉकेडन नावाच्या इंग्रजाने १८४३ मध्ये घेतले. तेव्हापासून गोळी बरीच हुशार झाली आहे. काही गोळ्या दिवसभर थोड्या थोड्या सुटाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, काहींना जठरात न फुटता आतड्यात फुटावे म्हणून वेगळा थर दिलेला असतो. असली गोळी कुटली की दिवसभराचे औषध एकदम पोटात जाते किंवा नको तिथे सुटते.

स्ट्रिप कापताना ज्या टोकावर मुदत आणि बॅच क्रमांक आहे ते टोक शेवटपर्यंत ठेवा. बिल घ्या. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजाऱ्यांना गुण आला म्हणून तर नाहीच.

आणि दुकानात गेल्यावर भिंतीकडे एकदा बघा. तिथे ज्याचे सर्टिफिकेट आहे, तो माणूस समोर आहे का, हे विचारा. दुकानदाराला राग येईल. येऊ द्या.

त्या मुलाचे प्रशिक्षण संपले तेव्हा मी त्याला ही बाटली दाखवायला घरी बोलावले. त्याने पट्टीवरून बोट फिरवले, दाते मोजले. आठ होते. मग एक जुना कागद घेऊन त्याने तशीच पट्टी कापायचा प्रयत्न केला. पहिली वाकडी झाली. दुसरीत भाग लहान-मोठे झाले. "सर, दिसते तेवढे सोपे नाही हो," तो म्हणाला.

मी म्हटले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. आठही भाग सारखे पाहिजेत."

त्याने तिसरा कागद घेतला.